मापुतो: देशाच्या कोपऱ्यातली राजधानी

मोझांबिकचा नकाशा समोर घ्या. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मादागास्करच्या समोर, हा देश दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेला आहे. किनारा जवळजवळ अडीच हजार किलोमीटरचा. आता त्यात राजधानी शोधा. मध्यावर ती सापडत नाही. बोट खाली खाली नेत राहा, देश संपत आला की मापुतो येतं. तिथून दक्षिण आफ्रिकेची हद्द शंभर किलोमीटरसुद्धा नाही, आणि स्वतःच्याच देशाच्या उत्तर टोकाला जायचं तर दोन हजार किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. भारताची राजधानी कन्याकुमारीला असती तर कारभार कसा चालला असता, याचा विचार करून बघा.

राजधानी अशी कोपऱ्यात का? या एकाच प्रश्नाचा माग काढत गेलं की शहराचा बहुतेक इतिहास आपोआप हाती लागतो. उत्तराचा मोठा भाग सोन्यात आहे, आणि ते सोनं मोझांबिकचं नव्हतं, शेजाऱ्याचं होतं.

पण सोन्याच्या आधी पाणी. मापुतोचा उपसागर हे निसर्गानं दिलेलं बंदर आहे. तोंडाशी इन्याका नावाचं बेट आडवं पडलेलं, त्यामुळे आत पाणी शांत. उंबेलुझी, मातोला आणि तेंबे या नद्या एकत्र येऊन जी रुंद खाडी होते, तिच्या उत्तर काठावर शहर आहे. इथले मूळ लोक रोंगा भाषा बोलणारे. एंफुमो, तेंबे अशी त्यांची घराणी आणि त्यांची छोटी राज्यं होती. आज मापुतोच्या मध्यवर्ती भागाचं सरकारी नाव कांफुमो आहे, म्हणजे ‘एंफुमोचा मुलूख’. मधल्या काळात शहराला दुसरंच नाव होतं, हे मात्र लोकांच्या तोंडी राहिलं.

१५४४ साली लोरेन्सो मार्केस नावाचा पोर्तुगीज व्यापारी हा उपसागर धुंडाळून गेला आणि पुढे शहराला त्याचंच नाव चिकटलं. इंग्रजी नकाशांत या उपसागराचं नाव ‘डेलागोआ’ असं येतं. ते वाचून आपले कान टवकारतात. गोव्याहून परतणारी जहाजं इथे थांबायची म्हणून डेलागोआ, अशी एक कथा फार लोकप्रिय आहे. कथा छान आहे, पण खरी नाही. पोर्तुगीजमध्ये ‘लागोआ’ म्हणजे तळं, खाजण. ‘बाइया दा लागोआ’ म्हणजे तळ्याचा उपसागर. त्याचाच अपभ्रंश डेलागोआ.

गोव्याचा खरा संबंध याहून पुष्कळ भक्कम आहे. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालत होता. तिथला अधिकारी गोव्याच्या व्हाइसरॉयला जबाबदार असे. मधल्या काळात या उपसागरावर डचांनी ठाणं घातलं, ते गेले. मग ऑस्ट्रियाच्या ध्वजाखाली एका कंपनीने वखार उघडली. तिला हुसकावून लावायला १७८१ साली जहाज आणि शिपाई निघाले ते गोव्याहूनच. त्यानंतर पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि ते टिकून राहिले. तरीही राजधानी इथे नव्हती. ती होती पार उत्तरेला, मोझांबिक नावाच्या चिमुकल्या बेटावर. लिस्बन-गोवा मार्गावरची जहाजं मोसमी वाऱ्याची वाट बघत तिथे थांबायची. व्यापाराचं तोंड हिंदी महासागराकडे होतं तोवर राजधानी बेटावरच असणं बरोबर होतं. देशाला नावही त्या बेटाचंच मिळालं.

लोरेन्सो मार्केस तेव्हा काय होतं? दलदलीने वेढलेला एक वाळूचा पट्टा, किल्ला, थोडी घरं, हस्तिदंताचा व्यापार आणि मलेरिया. ब्रिटनला मात्र या खोल बंदराचा मोह होता. त्यांनी उपसागराच्या दक्षिण भागावर हक्क सांगितला. वाद फ्रान्सचे अध्यक्ष मार्शल माकमाओं यांच्याकडे लवादासाठी गेला आणि त्यांनी २४ जुलै १८७५ रोजी पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे. १८७६ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळाला, दलदल बुजवायचं काम निघालं, आणि १८८७ मध्ये लोरेन्सो मार्केस शहर म्हणून जाहीर झालं.

त्याच्या एक वर्ष आधी, १८८६ मध्ये, आजच्या जोहान्सबर्गपाशी सोनं सापडलं होतं. तो मुलूख बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या, ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचा. त्यांना समुद्र नव्हता, आणि केपटाउन, डरबन ही बंदरं ज्यांच्याशी त्यांचं हाडवैर त्या इंग्रजांच्या ताब्यात होती. बोअरांचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांना इंग्रजांच्या हाताखालून न जाणारी वाट हवी होती. सर्वांत जवळचा समुद्र होता लोरेन्सो मार्केसचा. प्रिटोरियापर्यंतची रेल्वे १८९५ मध्ये सुरू झाली. खाणींसाठी यंत्रं, लाकूड, माणसं वर जाऊ लागली. दुर्लक्षित ठाण्याचं दहा वर्षांत गजबजलेलं बंदर झालं, आणि १८९८ मध्ये राजधानी बेटावरून उचलून इथे आणली गेली. व्यापाराचं तोंड फिरलं, त्यापाठोपाठ राजधानीही हलली.

या रेल्वेचं मापुतोमधलं स्टेशन आजही बघण्यासारखं आहे. १९०८ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९१६ मध्ये पुरं झालं. पिस्ता रंगाची भिंत, पांढरी नक्षी, वर तांब्याचा मोठा घुमट. हे आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधलं असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही, आराखडा पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञांचा आहे.

स्टेशनच्या देखण्या कमानींखालून काय जात होतं हे मात्र विसरता कामा नये. ट्रान्सवालच्या खाणींना नुसतं बंदर नको होतं, मजूर हवे होते. पोर्तुगीज सरकारने करार केले: आमच्या दक्षिण भागातली माणसं तुम्ही भरती करून न्या, त्या बदल्यात तुमच्या मालाचा ठराविक वाटा आमच्या बंदरातून जाऊ द्या. गावात झोपडीपट्टी नावाचा कर होता. झोपडीपट्टी म्हणजे आपल्याकडची वस्ती नव्हे, दर झोपडीमागे भरायची पट्टी. तो रोख भरायचा आणि गावात रोख पैसा नाही. नाही भरला तर ‘शिबालो’, म्हणजे वेठबिगार. मग खाणीत जाणं त्यातल्या त्यात बरं. मजुराच्या पगाराचा काही भाग तिकडे न देता परत आल्यावर देण्याची पद्धत पुढे करारातच घातली गेली, आणि त्यापायी पोर्तुगालच्या तिजोरीत सोनं येत राहिलं. खाणीतून पेटी घेऊन परतणाऱ्या माणसाला इकडे ‘मागाइसा’ म्हणतात. पेटीत कपडे, घोंगडं, कधी ग्रामोफोन. छातीत खाणीची धूळ. मापुतोच्या इमारतींचा पाया नक्की कशावर घातला गेला हे समजायला मला या मागाइसाच्या पेटीइतकी दुसरी चांगली गोष्ट दिसत नाही.

शहर वाढलं ते दोन तुकड्यांत. एक ‘सिमेंटचं शहर’: आखीव रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, समुद्राकाठी १९२२ मध्ये उघडलेलं पोलाना हॉटेल, कॅफे, सिनेमागृहं. ते बहुतांशी गोऱ्यांचं. दुसरं ‘बोरूचं शहर’: पोर्तुगीजमध्ये कानिसू, म्हणजे बोरू, त्यावरून पडलेलं नाव. बोरूच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, वाळूचे बोळ, नळ सार्वजनिक, गटार नाही. सिमेंटमध्ये स्वयंपाक करणारे, ओझी वाहणारे, कपडे धुणारे, सगळे रात्री बोरूत झोपायला यायचे. कायदाही दोन तऱ्हेचा. १९६१ पर्यंत बहुसंख्य आफ्रिकी माणूस ‘नागरिक’ नव्हता, ‘देशी’ होता. पोर्तुगीज बोलतो, काट्या-चमच्याने जेवतो, असं सिद्ध करून मोजक्यांना ‘आसिमिलादो’ हा दर्जा मिळे.

बोरूच्या शहरात विटांचं किंवा सिमेंटचं पक्कं घर बांधायला मनाई होती, कारण ती जमीन कधीही रिकामी करून घेता यायला हवी. पण ज्याच्याकडे चार पैसे जमले त्याला पक्की भिंत हवीच असते. मग लोक काय करत? बाहेरून बोरूची किंवा पत्र्याची भिंत तशीच ठेवायची आणि आतल्या बाजूने गुपचूप एकेक ठोकळा रचत सिमेंटची भिंत उभारायची. घर आतून पुरं झालं की योग्य वेळ बघून बाहेरचं कवच काढून टाकायचं. निरीक्षकाला लाच देऊन, नाहीतर त्याची नजर चुकवून. किती घरं अशी आतून बाहेर वाढली असतील!

याच भागात माफालाला ही वस्ती आहे, लाकूड आणि पत्र्याच्या घरांची. १९४२ मध्ये जन्मलेला फुटबॉलपटू युसेबियो इथल्याच वाळूत अनवाणी खेळून मोठा झाला. १९६६ च्या विश्वचषकात त्याने सर्वांत जास्त, म्हणजे ९ गोल केले, पण अंगावर जर्सी पोर्तुगालची होती, कारण मोझांबिक नावाचा स्वतंत्र देश तेव्हा नव्हता. कवयित्री नोएमिया द सोझा आणि कवी जुझे क्राव्हेरिन्या याच परिसरातले. क्राव्हेरिन्यांना १९९१ मध्ये पोर्तुगीज भाषेतला सर्वोच्च मानला जाणारा कामोंइश पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी लेखक. तेलाच्या डब्यापासून केलेल्या गिटारीवर ‘माराबेंता’ हे संगीत याच गल्ल्यांत घडलं. सिमेंटच्या शहरातल्या कॅफेंपेक्षा देशाला ज्याचा अभिमान वाटतो ते बरंचसं या पत्र्याखाली जन्मलेलं आहे.

सिमेंट आणि बोरू यांच्या मधे आणखी एक माणूस होता: भारतीय. बंदरालगतच्या जुन्या पेठेत, ज्याला बायशा म्हणतात, दीव आणि गुजरातेतून आलेले व्यापारी होते. गोवेकर बहुतेक सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत कारकून, किंवा चर्चमध्ये. मोझांबिकची बाई कमरेला गुंडाळते, पाठीवर बाळ बांधते, डोक्याला बांधते ते रंगीत छापील वस्त्र म्हणजे कापुलाना. त्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या भारतीय वंशाच्या दुकानदारांच्या हाती राहिला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पोर्तुगालने राग इथल्या भारतीयांवर काढला. भारतीय नागरिकत्व असलेल्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली आणि देशाबाहेर घालवलं. गोवेकर मात्र कागदोपत्री पोर्तुगीज नागरिक, म्हणून राहू शकले. इकडे आपण मुक्तीचे फटाके वाजवत होतो तेव्हा महासागरापलीकडे त्याची किंमत भलत्याच माणसांनी चुकवली. हा भाग आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

भारतीयांची एक खूण आजही रोज सकाळी रस्त्यावर तळली जाते. चवळी भिजवून, वाटून, गोळे तेलात सोडायचे आणि गरम गरम पावात भरून द्यायचे. त्याला म्हणतात ‘पांव कों बाजिया’, म्हणजे पाव आणि भजी. कामावर जाणारा माणूस ते हातात घेऊन उभ्याउभ्या खातो, आपण वडापाव खातो तसाच. यात ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिलेला आणि ‘भजी’ हा आपल्याकडून तिकडे गेलेला. समोशाला तिथे ‘शामुसा’ म्हणतात, आणि कालवणाला ‘कारिल’.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झालं. दहा वर्षं सशस्त्र लढा दिलेल्या फ्रेलिमो संघटनेचे नेते सामोरा माशेल यांनी माशाव्हाच्या मैदानावर घोषणा केली. देशातल्या सुमारे अडीच लाख पोर्तुगिजांपैकी बहुतेक जण थोड्याच काळात निघून गेले. डॉक्टर, इंजिनिअर, ट्रेनचालक, दुकानदार, सगळेच. २४ जुलै १९७५ रोजी सरकारने शिक्षण, आरोग्यसेवा, जमीन यांचं राष्ट्रीयीकरण केलं. आता ती मघाची तारीख आठवा. शहराच्या मधोमध एक लांबलचक हमरस्ता आहे, ‘आव्हेनिदा व्हिंते इ क्वात्रो द जुल्यू’, म्हणजे २४ जुलै मार्ग. वसाहतकाळात हे नाव माकमाओं यांच्या निवाड्यासाठी होतं. स्वातंत्र्यानंतर शहरातली नावं धडाधड बदलली: कार्ल मार्क्स, लेनिन, हो चि मिन्ह, माओ, न्येरेरे. या रस्त्याची पाटी मात्र तशीच राहिली, कारण तारीख तीच आणि वर्ष बरोबर शंभर पुढचं. उपसागर पोर्तुगालला मिळाला तो दिवस, आणि बरोबर शंभर वर्षांनी पोर्तुगालची मालकी मोडून काढली तोही दिवस, एकाच पाटीवर.

१९७६ मध्ये शहराचं नाव मापुतो झालं, आणि त्याच वर्षी भाड्याच्या इमारती सरकारजमा झाल्या. बोरूच्या शहरातली हजारो कुटुंबं सिमेंटच्या फ्लॅटमध्ये राहायला आली, नाममात्र भाड्याने. ज्या जिन्यावरून आजवर फक्त नोकर म्हणून चढायचं, त्याच जिन्यावरून आता आपल्या घराची किल्ली घेऊन वर जायचं. त्या पिढीतल्या माणसांना हे कसं वाटलं असेल याची कल्पना मुंबईत चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्यांना थोडीफार करता येईल, तरी इथे वर्णाची भिंत होती, ती आणखी जाड.

आनंद फार टिकला नाही. १९७७ पासून यादवी पेटली. रेनामो या बंडखोर संघटनेला आधी ऱ्होडेशियाने (आजचं झिंबाब्वे) आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं. ज्या सरहद्दीजवळ असल्यामुळे शहर श्रीमंत झालं, तीच आता जीवावर उठली. रेल्वेची वाहतूक आटली, खाणीतल्या भरतीला कात्री लागली. दक्षिण आफ्रिकी लेखिका आणि कार्यकर्त्या रूथ फर्स्ट इथल्या एदुआर्दो मोंदलाने विद्यापीठात काम करत होत्या. १७ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांच्या हातात टपालातून आलेला बाँब फुटला आणि त्या गेल्या. शेजारी जखमी झाले ते त्या संशोधन केंद्राचे संचालक आकिनो द ब्रागांसा, मूळचे गोव्यातल्या बार्देशचे आणि माशेल यांचे जवळचे सल्लागार. चार वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८६ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनीच्या डोंगरावर माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात माशेल यांच्याबरोबर ब्रागांसाही गेले. तो अपघात की घातपात, याचा वाद अजून मिटलेला नाही.

यादवी संपवणाऱ्या १९९२ च्या रोम करारापर्यंत लाखो माणसं खेड्यांतून पळून मापुतो आणि शेजारच्या मातोलात येऊन राहिली. ती परत गेली नाहीत. २०१७ च्या जनगणनेत मापुतोत सुमारे ११ लाख आणि मातोलात सुमारे १० लाख लोक होते. मूळ सिमेंटचं शहर यात एक लहानसा तुकडा उरलं आहे. बोरू जाऊन आता सिमेंटचे ठोकळे आले, पण सखल भागात पावसाचं पाणी आठवडेच्या आठवडे तुंबतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये उलेने इथला कचऱ्याचा डोंगर पावसाने खचून शेजारच्या घरांवर आला आणि डझनाहून जास्त माणसं गाडली गेली. जमीन आजही कायद्याने सरकारची आहे, माणसाला मिळतो तो फक्त वापरण्याचा हक्क. प्रत्यक्षात भूखंडांचे सौदे होतातच, ‘जमीन विकली’ न म्हणता ‘जमिनीवरचं बांधकाम विकलं’ म्हणतात.

सकाळी कामावर यायचं साधन म्हणजे ‘शापा’, खचाखच भरलेली मिनीबस. शापाही मिळाली नाही तर उघडा टेम्पो. त्यात धरायला दांडी नाही, म्हणून उभी असलेली माणसं एकमेकांना कवेत धरून तोल सांभाळतात. त्या टेम्पोला मापुतोचे लोक ‘माय लव्ह’ म्हणतात. २००८ मध्ये शापाचं भाडं आणि २०१० मध्ये पावाचा दर वाढला तेव्हा याच लोकांनी रस्ते बंद पाडले होते. पाव आणि भाडं, या दोन्हींवर घरचा महिना ठरतो.

२०१८ मध्ये खाडीवर झुलता पूल झाला, मधला गाळा ६८० मीटरचा, चिनी कंपनीने चिनी कर्जावर बांधलेला. पलीकडचं कातेंबे फेरीबोटीच्या भरवशावरून सुटलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुलावरून शहराकडे बघितलं तर जुन्या रस्त्यांवर जॅकरांडाची जांभळी रेघ दिसते, आणि पाठोपाठ लाल. मापुतोला ‘अकेशियांचं शहर’ म्हणतात. तिथे ज्याला लाल अकेशिया म्हणतात तो आपला गुलमोहर.

आणि कोपऱ्यातली राजधानी? ती कोपऱ्यातच आहे. २०१० पासून उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले, आणि ऑक्टोबर २०१७ पासून त्याच प्रांतात सशस्त्र उठाव चालू आहे. तिथल्या माणसाला मापुतो हे दुसऱ्या देशातलं शहर वाटतं, आणि अंतर बघता त्यात काही चूक नाही. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर निकाल मान्य नसलेले लोक खुद्द मापुतोत रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. नोव्हेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास घराघरातून पातेली बडवायला सुरुवात झाली. वस्त्यांतून तो आवाज येणार हे अपेक्षितच होतं. पण तो २४ जुलै मार्गाच्या आजूबाजूच्या उंच इमारतींच्या गॅलऱ्यांतूनही येत होता.